गुराब आणि गलबत : मराठा आरमारातील जहाजांची रचना व उपयोग

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी साध्य होतील :

• गुराब आणि गलबत या दोन जहाजांची रचना सांगता येईल व त्यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• जहाजाची रचना, किनाऱ्याचे स्वरूप आणि युद्धाची पद्धत यांचा परस्परसंबंध उलगडता येईल.
• उत्तर युरोपातील व्हायकिंग जहाजांशी त्यांची तुलना करता येईल.
• 'आज्ञापत्रा'तील आरमारविषयक सूचनांमागील कारणे समजून घेता येतील.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, 'आज्ञापत्र' हा राज्यनीतीवरील महत्त्वाचा मराठी गद्यग्रंथ आहे. त्यातील किल्ले, वतने, सावकार यांविषयीचा मजकूर सांगली-साताऱ्याकडील वाचकाला फारसा अडत नाही. गड त्याने पाहिलेले असतात आणि वतनाच्या गोष्टी घरात ऐकलेल्या असतात. आरमाराचे प्रकरण आले की मात्र तो थबकतो. गुराब, गलबत, तरांडे, डोलकाठी हे शब्द कोशात सापडतात. पण कोशातील अर्थाने वस्तू डोळ्यांपुढे उभी राहत नाही. आणि वस्तू उभी राहिली नाही, तर ग्रंथकार अमुकच सूचना का करतो, हेही कळत नाही. गुराबा फार थोर करू नयेत, असे तो का म्हणतो? आंब्या-फणसाच्या झाडांचा आणि आरमाराचा संबंध काय?

या प्रश्नांची उत्तरे जहाजांच्या रचनेत आहेत. म्हणून प्रस्तुत घटकात आपण आधी जहाज पाहू, मग त्याचा उपयोग आणि शेवटी त्याच्या मर्यादा. समुद्र आपल्यापासून सह्याद्रीपलीकडे आहे. पण आरंभ करण्यासाठी कृष्णा-वारणेचा काठ पुरेसा आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ काहील आणि होडी : रचनेचे मूलतत्त्व

उसाचा रस आटवण्याची गुऱ्हाळातील काहील तुम्ही पाहिली असेल. पूल नव्हते तेव्हा, आणि पुराच्या अडचणीत नंतरही, कृष्णाकाठच्या गावांत या काहिलीतून नदी ओलांडली जाई. काहील रुंद आणि उथळ असते. तिचे बूड मोठे असल्यामुळे माणसांचे वजन पाण्याच्या मोठ्या क्षेत्रावर पसरते आणि ती थोडीच खाली जाते. त्यामुळे गुडघाभर पाण्यातही ती टेकत नाही. पण तिला पुढची बाजू नसते. वल्हे मारले की ती पुढे जाण्याऐवजी गरगर फिरू लागते.

आता होडी आठवा. पावसाळ्यात कृष्णेचे पात्र भरले की सांगली परिसरात होड्यांच्या शर्यती होतात. शर्यतीची होडी लांब आणि अरुंद असते. तिचे टोक पाणी कापते आणि लांबीमुळे ती एका रेषेत धावते. मात्र अरुंदपणामुळे ती लवकर डगमगते. सर्वांनी एकाच अंगाला झुकून चालत नाही.

या दोन साध्या उदाहरणांत जहाजबांधणीतील मुख्य पेच सामावला आहे. जहाजाचा जेवढा भाग पाण्याखाली राहतो, त्याच्या खोलीला आपण या घटकापुरते 'बुडीत खोली' म्हणू. पाण्याच्या पातळीपासून वर काठापर्यंत जो भाग उरतो, त्याला 'मोकळी कड' म्हणू. रुंदी वाढवली तर स्थैर्य येते आणि बुडीत खोली कमी होते, पण वेग घटतो. लांबी वाढवून रुंदी कमी केली तर वेग येतो, पण स्थैर्य जाते. भार वाढवला तर बुडीत खोली वाढते आणि मोकळी कड कमी होते. ही कड किती मोलाची असते, हे या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे महापुरातून लोकांना बाहेर काढणारी, माणसांनी खच्चून भरलेली नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. पाण्यावर तरंगणारे प्रत्येक साधन हा खोली, लांबी-रुंदी आणि भार यांच्यातील एक समझोता असतो. कोणत्या गोष्टीसाठी कोणती गोष्ट सोडली, हे पाहिले की ते साधन कोणत्या पाण्यासाठी आणि कोणत्या कामासाठी घडवले, हे ओळखता येते.

४.३.२ माहितीची साधने

मराठ्यांचे एकही अख्खे गुराब आज पाहायला उरलेले नाही. त्यामुळे आपल्याला वेगवेगळ्या साधनांचा मेळ घालावा लागतो.

पहिले साधन शिल्पांचे. मुंबईतील बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर सागरी युद्धाची दृश्ये कोरलेली आहेत. त्यांतील लांबट नौकांना डोलकाठी आहे आणि बाजूने वल्ह्यांची रांग आहे. १२६५ च्या सुमारास उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात झालेल्या युद्धाशी या वीरगळांचा संबंध सामान्यतः जोडला जातो. शीड आणि वल्ही एकत्र वापरणारी युद्धनौका कोकणात शिवकालाच्या कितीतरी आधी होती, एवढे यावरून स्पष्ट होते.

दुसरे साधन मराठी गद्याचे. बखरींत गुराब, गलबत, तरांडे, तारू, शिबाड, मचवा, पाल, पगार अशी नावे येतात. मात्र बखरकार नावे देतो, वर्णन देत नाही. त्याच्या वाचकाला ही जहाजे ठाऊकच होती. 'आज्ञापत्र' वर्णनाऐवजी धोरण सांगते.

तिसरे साधन परकीयांच्या लेखनाचे. ज्यांना या जहाजांशी लढावे लागले, त्यांनी ती बारकाईने पाहिली. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने अठराव्या शतकातील आंग्र्यांच्या जहाजांचे तपशीलवार वर्णन केले आहे. तो शत्रुपक्षाचा लेखक असल्याने आंग्र्यांच्या हेतूंविषयीचे त्याचे मत तपासूनच घ्यावे लागते. रचनेविषयीची त्याची निरीक्षणे मात्र उपयुक्त आहेत. पुढील दोन उपघटकांतील मोजमापे मुख्यतः त्याच्या वर्णनावर आधारलेली आहेत.

४.३.३ गुराब

गुराब हे आरमारातील मुख्य लढाऊ जहाज. त्याला बहुधा दोन डोलकाठ्या असत; काही मोठ्या गुराबांना तीन. दोन डोलकाठ्यांचे गुराब १५० टनांपेक्षा मोठे नसे, तर तीन डोलकाठ्यांचे सुमारे ३०० टनांपर्यंत असे. गुराबाची वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे :

(अ) उथळ व रुंद बांधा. लांबीच्या मानाने गुराब बरेच रुंद असे आणि त्याची बुडीत खोली फार कमी असे. कोकणची बंदरे बहुतेक खाड्यांच्या मुखाशी आहेत. मुखाशी वाळूचे दांडे साचतात आणि ओहोटीला पाणी उतरते. खोल बुडाचे जहाज अशा खाडीत शिरू शकत नाही किंवा भरतीची वाट पाहत बाहेर अडकते. उथळ जहाज आत-बाहेर करू शकते. आता रुंदी का, तेही पाहा. गुराबावर तोफा असत. तोफेचे वजन वरच्या तक्तपोशीवर येते आणि ती डागली की मागे धक्का बसतो. बूड उथळ ठेवून वर एवढा भार पेलायचा, तर रुंदीवाचून गत्यंतर नाही.

(आ) पुढे आलेले निमुळते टोक. मध्यभागी रुंद असलेले गुराब पुढे निमुळते होत जाई आणि त्याचा पुढचा भाग भूमध्य समुद्रातील वल्ह्यांच्या जहाजांप्रमाणे पाण्यावर लांब पुढे आलेला असे. जहाजाच्या या पुढच्या भागाला मराठीत 'नाळ' म्हणतात. समोरून लाट आली की हे टोक पाण्यात आपटे आणि वर पाणी चढे. म्हणून नाळेवरील तक्तपोशीला बाजूचे कठडे ठेवीत नसत. चढलेले पाणी दोन्ही अंगांनी आपोआप वाहून जाई. दोष पुरता घालवता येत नसेल, तर त्याला वाट करून द्यावी, अशी ही कारागिराची युक्ती होती.

(इ) समोर मारा करणाऱ्या तोफा. मुख्य तक्तपोशीच्या पुढच्या बाजूला आडवी भिंत असे. तिच्यातील झरोक्यांतून दोन तोफा नाळेवरून सरळ पुढे रोखलेल्या असत. या तोफा नऊ ते बारा पौंडी, म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा फेकणाऱ्या असत. बाजूच्या तोफा त्यांहून हलक्या, सहा ते नऊ पौंडी असत. युरोपीय युद्धनौकेचे बळ तिच्या कुशीतील तोफांच्या रांगांत असे. मारा करण्यासाठी तिला शत्रूला आडवे व्हावे लागे. गुराब मात्र पाठलाग करता करता, नाळ शत्रूकडे ठेवूनच मारा करू शकत असे.

४.३.४ गलबत

गलबताची घडण गुराबासारखीच, पण आकार लहान. मोठ्यातले मोठे गलबत क्वचितच ७० टनांपेक्षा अधिक असे. त्याला दोन डोलकाठ्या असत आणि त्यांतील मागची अगदी हलकी असे. मुख्य डोलकाठीवर एकच मोठे त्रिकोणी शीड असे. ते तिरक्या परबाणाला बांधलेले असे आणि उभारले की त्याचे टोक डोलकाठीच्याही वर जाई. त्रिकोणी शिडाचा लाभ असा की, वारा थेट मागून नसला, बाजूने किंवा थोडा पुढून असला, तरी त्याचा उपयोग करून घेता येतो.

वजन कमी राहावे म्हणून लहान गलबतांची तक्तपोशी चिरलेल्या बांबूंची करीत. त्यांच्या काठांवर फिरत्या खुंट्यांवरील छोट्या तोफा असत. मोठ्या गलबतांना पक्की तक्तपोशी असे आणि तिच्यावर दोन ते चार पौंडी अशा सहा ते आठ तोफा बसवीत. गलबताचे खरे बळ मात्र त्याच्या चाळीस-पन्नास वल्ह्यांत होते. वारा पूर्ण पडला तरी वल्ह्यांच्या जोरावर ते ताशी चार मैल, म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटर वेगाने जाऊ शकत असे.

गुराब आणि गलबत यांचा विचार जोडीनेच करावा लागतो. गुराबाजवळ तोफा होत्या, पण ते वाऱ्यावर अवलंबून होते. गलबताजवळ गती आणि माणसे होती, पण जड तोफा नव्हत्या. वारा पडला की गलबते दोर लावून गुराबांना ओढून नेत. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढायची, अशी ही योजना होती.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
रिकाम्या जागा भरा.
(१) दोन डोलकाठ्यांचे गुराब ........ टनांपेक्षा मोठे नसे.
(२) जहाजाच्या पुढच्या भागाला मराठीत ........ म्हणतात.
(३) लहान गलबतांची तक्तपोशी चिरलेल्या ........ असे.

४.३.५ तुलना : व्हायकिंगांची लाँगशिप

उथळ बुडाचे आणि शीड-वल्ही दोन्ही वापरणारे जहाज ही केवळ कोकणची कल्पना नव्हे. आठव्या ते अकराव्या शतकांत नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन या प्रदेशांतील व्हायकिंग लोकांनी याच तत्त्वावर आपली लाँगशिप नावाची युद्धनौका घडवली. त्यांच्या बाबतीत अभ्यासकांचे भाग्य असे की, मूळ जहाजेच सापडली आहेत. नॉर्वेत थोरामोठ्यांना जहाजासह पुरण्याची चाल होती. तेथील गोकस्टाड येथे १८८० मध्ये उत्खननात सापडलेले जहाज सुमारे २३ मीटर लांब व ५ मीटर रुंद असून त्यावर वल्ह्यांच्या सोळा जोड्यांची सोय आहे. डेन्मार्कमधील रोस्किल्डजवळ, खाडीची वाट अडवण्यासाठी अकराव्या शतकात मुद्दाम बुडवलेली जहाजे १९६२ मध्ये बाहेर काढण्यात आली. त्यांतील सर्वांत लांब युद्धनौका सुमारे ३० मीटर लांब आणि जेमतेम पावणेचार मीटर रुंद होती. तिची बुडीत खोली सुमारे एक मीटर होती.

या जहाजांच्या फळ्या एकीवर एक किंचित चढवून, लोखंडी रिव्हेटांनी जोडलेल्या असत. छपरावरील कौले जशी एकमेकांवर चढतात, तशी ही रचना. त्यामुळे सांगाडा हलका आणि लवचिक राही. शीड चौकोनी व बहुधा लोकरीचे असे. सुकाणू म्हणजे जहाजाच्या मागच्या भागात उजव्या अंगाला बांधलेले रुंद वल्हे. जहाजाच्या उजव्या बाजूला इंग्रजीत 'स्टारबोर्ड' म्हणतात, तो शब्द या सुकाणूच्या बाजूवरूनच आला आहे. उथळ बुडामुळे ही जहाजे थेट वाळूवर चढवता येत आणि नद्यांतून आत नेता येत. ७९३ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरील लिंडिसफार्नच्या मठावर व्हायकिंगांनी घाला घातला आणि ८४५ मध्ये सेन नदीतून ते पॅरिसपर्यंत पोहोचले. समुद्रापासून दूर असलेले शहर सुरक्षित असते, ही समजूत या जहाजांनी मोडीत काढली.

साम्य स्पष्ट आहे. फरकही तितकाच बोलका आहे. लाँगशिपची लांबी रुंदीच्या सात-आठ पट असू शके, तर गुराब रुंद असे. कारण व्हायकिंगांच्या काळी तोफ नव्हती. त्यांचे शस्त्र म्हणजे किनाऱ्यावर उतरणारी माणसे. जहाजाने त्यांना वेगाने पोहोचवायचे होते. गुराबाला तोफा वाहायच्या होत्या, म्हणून रुंदी आली. त्या दृष्टीने लाँगशिपचे नाते गुराबापेक्षा गलबताशी अधिक जवळचे आहे. दुसरा फरक हेतूचा. व्हायकिंगांनी याच कौशल्यावर दूरच्या सागरी सफरी केल्या आणि त्यांपैकी काही लोक उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले. मराठ्यांचे आरमार मुख्यतः आपला किनारा, त्यावरील बंदरे आणि व्यापार यांच्या रक्षणासाठी उभे होते.

४.३.६ उपयोग

छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर त्या भागात जहाजबांधणी सुरू झाली. नोव्हेंबर १६६४ मध्ये सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ झाला आणि फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराजांनी आरमारासह बसरूरवर स्वारी केली. या आरमाराची खरी परीक्षा १६७९ मध्ये खांदेरी येथे झाली.

खांदेरी हे मुंबई बंदराच्या मुखाजवळचे बेट. महाराजांनी तेथे किल्ला बांधायला घेतल्यावर मुंबईच्या इंग्रजांनी जहाजे पाठवून रसद तोडण्याचा प्रयत्न केला. इंग्रजांची जहाजे मोठी होती आणि तोफाही भारी होत्या. परंतु किनाऱ्यावरून निघणाऱ्या मराठ्यांच्या लहान नौका रात्री, वारा पडलेला असताना, उथळ पाण्यातून बेटावर पोहोचत. मोठ्या जहाजांना वाऱ्यावाचून हलता येत नसे. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या नेतृत्वाखाली मराठा आरमाराने इंग्रजांवर चाल केली आणि 'डव्ह' नावाचे जहाज पकडले. 'रिव्हेंज' या मोठ्या जहाजाने नेटाने तोंड दिले, तेव्हा मराठ्यांच्या नौका नागोठण्याच्या खाडीकडे वळल्या. तेथील उथळ पाण्यात त्या जहाजाला शिरता येईना. खांदेरी मराठ्यांकडेच राहिले. समोरासमोरच्या तोफयुद्धात जिंकणे आणि आपला हेतू साध्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे दिसते.

पुढे आंग्र्यांच्या काळात या युद्धपद्धतीला निश्चित रूप आले. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते खाडीत सज्ज असत. परकी जहाज दिसताच ती बाहेर पडत. वारा असेल तर शिडांवर, नसेल तर गलबतांनी ओढलेल्या गुराबा पुढे सरकत. मग सर्व जहाजे सावजाच्या पिछाडीला जमत. युरोपीय जहाजाच्या तोफा मुख्यतः कुशीत असल्याने पिछाडी ही त्याची दुबळी बाजू. गुराबा दूर राहून नाळेच्या तोफांनी आधी डोलकाठ्यांवर मारा करीत. डोलकाठी मोडली की जहाज पांगळे होई. तरीही ते शरण आले नाही, तर माणसांनी भरलेली गलबते चहूंकडून एकाच वेळी भिडत आणि तलवारी घेतलेले लोक वर चढत. रचनेतील प्रत्येक वैशिष्ट्य या लढ्यात कसे कामी येते, ते लक्षात घ्या.

युद्धाखेरीज गस्त हे या जहाजांचे नित्याचे काम होते. कान्होजी आंग्रे व्यापारी जहाजांना दस्तक म्हणजे परवाना देत आणि दस्तकावाचून जाणारे जहाज पकडीत. इंग्रजांनी याला चाचेगिरी म्हटले. परंतु पोर्तुगीजही आपल्या परवान्याशिवाय जाणारी जहाजे पकडीतच होते. कोणाचा परवाना कायदेशीर, हा प्रश्न समुद्रावर सत्ता कोणाची, या प्रश्नाचेच दुसरे रूप होते.

४.३.७ 'आज्ञापत्रा'तील आरमार

आता आपण प्रास्ताविकातील प्रश्नांकडे परत येऊ. रामचंद्रपंत अमात्य यांचे 'आज्ञापत्र' १७१५ च्या सुमाराचे, कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिलेले. त्यात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे.

पहिला प्रश्न जहाजांच्या आकाराचा. ग्रंथकार मध्यम आकाराची जहाजे करण्यास सांगतो; वाऱ्यावाचून कामास न येणाऱ्या फार थोर गुराबा करण्याचे प्रयोजन नाही, असे त्याचे मत आहे. खांदेरीचा प्रसंग पाहिल्यावर यामागील कारण वेगळे सांगावे लागत नाही. पाच गुराबा व पंधरा गलबते मिळून एक सुभा आणि सर्वांवर मिळून एक सरसुभा, अशी त्याची व्यवस्था आहे. एका गुराबामागे तीन गलबते हे प्रमाण दोहोंच्या जोडीचे तत्त्वच सांगते.

दुसरा प्रश्न लाकडाचा. फळ्या, सोट आणि डोलकाठ्या यांसाठी थोर लाकूड लागते. ते रानातील सागवानासारख्या वृक्षांचे, तेही परवानगीने तोडावे आणि कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे, असे तो सांगतो. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या उपयोगाचे असते. पण ही झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेली असल्याने त्यांना हात लावू नये. एखादे झाड जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून आणि द्रव्य देऊनच ते तोडावे. येथे जहाजबांधणीची सूचना देता देता ग्रंथकार राज्यकर्त्याच्या मर्यादेविषयी बोलतो. समुद्रावरील सामर्थ्य शेतकऱ्याच्या परसातील झाडाच्या मोलाने उभारायचे नाही, हा त्याचा आग्रह आहे. त्याच न्यायाने आरमाराचा खर्च मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, समुद्रावरील मिळकतीवर सोडू नये, असेही तो म्हणतो. खर्च लुटीवर अवलंबून ठेवला, तर सावकारांना उपद्रव होतो आणि बंदरे ओस पडतात.

तिसरी सूचना पावसाळ्याची. या काळात ही जहाजे समुद्रात राहू शकत नसत. म्हणून त्यांची छावणी किल्ल्यांच्या आश्रयाने करावी, पण दरवर्षी एकाच बंदरी करू नये, असे तो सांगतो. शत्रू प्रबळ असेल तर जहाजे धोक्यात न घालता किल्ल्याचा आश्रय घ्यावा, असेही त्याचे सांगणे आहे. थोडक्यात, हे आरमार किनाऱ्यावाचून अपुरे होते.

४.३.८ मर्यादा आणि विजयदुर्गचा प्रसंग

उथळ बूड हे बळ होते आणि तीच मर्यादाही होती. खवळलेल्या समुद्रात गुराब जोराने हेलकावे खाई. तोफांच्या दोन-तीन मजली रांगा ते पेलू शकत नसे. म्हणून खोल समुद्रात मोठ्या युद्धनौकेशी त्याची बरोबरी नव्हती. खाडी, किल्ला आणि मागचा मुलूख यांची साथ असेपर्यंत ही उणीव जाणवत नसे.

ही साथ साताऱ्याच्या राजकारणाशी जोडलेली होती. छत्रपती शाहू महाराज आणि ताराबाई यांच्या संघर्षात कान्होजी आंग्रे आरंभी ताराबाईंच्या पक्षात होते. त्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले, तेव्हा साताऱ्यालाच धास्ती पडली. पुढे बाळाजी विश्वनाथ यांनी कान्होजींशी तह घडवून आणला आणि कान्होजी सरखेल म्हणून शाहूंच्या सेवेत आले. त्यानंतर, १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीजांनी मिळून कुलाब्यावर केलेला हल्ला फसला. किनारा आणि घाटमाथा एक असल्याचा हा परिणाम होता.

१७२९ मध्ये कान्होजींच्या निधनानंतर आंग्रे घराण्यात फूट पडली. पुढे तुळाजी आंग्रे आणि पेशवे नानासाहेब यांच्यात वितुष्ट आले. पेशव्यांनी तुळाजींविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली. एप्रिल १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनच्या मोठ्या युद्धनौका विजयदुर्गासमोर आल्या. जमिनीच्या बाजूला पेशव्यांचे सैन्य होते. आंग्र्यांची जहाजे किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकांना खेटून उभी होती. १२ फेब्रुवारीला इंग्रजांचा एक स्फोटक गोळा 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला. आंग्र्यांनी ते पूर्वी इंग्रजांकडूनच घेतलेले होते. त्याने पेट घेतला आणि आग एका जहाजावरून दुसऱ्यावर पसरत जवळजवळ सारे आरमार भस्मसात झाले.

जो आश्रय रचनेची उणीव भरून काढीत होता, तोच येथे सापळा ठरला. कारण पाठीमागचा मुलूखच शत्रूच्या बाजूला होता. बाहेर पडून खोल समुद्रात लढण्याजोगी ही जहाजे नव्हती आणि आत राहायला जागा उरली नव्हती. आरमाराचे बळ केवळ जहाजांत नसते. जहाज, किनारा आणि राज्य यांच्या जुळणीत असते, हे या प्रसंगाने दाखवून दिले. 'आज्ञापत्र' आरमाराला राज्याचे अंग म्हणते, त्याचा अर्थ येथे पूर्णपणे कळतो. शरीरापासून तुटलेले अंग जगत नाही.

४.३.९ शब्दांचा प्रवास

भाषेच्या विद्यार्थ्याने या जहाजांबरोबर आलेले शब्दही पाहावेत. 'गुराब' हा अरबी शब्द. त्या भाषेत त्याचा एक अर्थ कावळा असाही आहे. इंग्रजांच्या कागदपत्रांत त्याचे 'ग्रॅब' झाले आणि गलबताचे 'गॅलिव्हॅट'. 'आरमार' हा शब्द पोर्तुगीज 'आर्मादा'शी नाते सांगतो. 'सुकाणू' आणि 'खलाशी' अरबीतून, तर 'नाखवा' फारसीतून आला. 'वल्हे', 'शीड', 'नाळ' हे शब्द मात्र कोकणच्या नित्य वापरातले. एकाच जहाजावर अरबी, फारसी, पोर्तुगीज आणि मराठी शब्द नांदत होते, कारण एकाच समुद्रावर ही सर्व माणसे वावरत होती. समुद्र न पाहिलेला सांगलीचा माणूसही संस्थेचे 'सुकाणू' कोणाच्या हाती आहे, असे विचारतो. जहाजे गेली तरी त्यांचे शब्द घाट चढून वर आले.

४.४ सारांश

जहाजाची रचना ही पाण्याची खोली, लांबी-रुंदी आणि भार यांच्यातील तडजोड असते. कोकणच्या उथळ खाड्यांसाठी कमी बुडीत खोलीची गुराबा व गलबते घडली. गुराबाजवळ नाळेच्या तोफा आणि रुंद बांधा होता; गलबताजवळ वल्ही आणि चपळता होती. दोहोंच्या जोडीवर आरमाराची युद्धपद्धती आधारलेली होती. व्हायकिंगांची लाँगशिपही उथळ बुडाच्या तत्त्वावर उभी होती. मात्र तोफेचा अभाव आणि वेगळे हेतू यांमुळे ती लांब व अरुंद राहिली. 'आज्ञापत्रा'तील मध्यम जहाजे, रयतेची झाडे, मुलखातून खर्च आणि पावसाळी छावणी या सूचना रचनेशी व राज्यनीतीशी एकाच वेळी निगडित आहेत. १७५६ मध्ये विजयदुर्ग येथे किनारा आणि राज्य यांची जुळणी तुटली आणि आरमार नष्ट झाले.

४.५ शब्दार्थ

नाळ : जहाजाचा पुढचा निमुळता भाग.
तक्तपोशी : जहाजावरील फळ्यांची जमीन.
परबाण : शीड ज्याला बांधतात तो आडवा किंवा तिरका वासा.
सोट : सरळ, लांब व जाड लाकूड.
शिबाड : मुख्यतः माल वाहणारे मोठे जहाज.
सरखेल : आरमाराचा प्रमुख.
दस्तक : परवाना.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (१) १५० (२) नाळ (३) बांबूंची

४.७ सरावासाठी स्वाध्याय

(१) गुराब आणि गलबत यांच्या रचनेतील साम्य व भेद स्पष्ट करा.
(२) 'उथळ बूड हे बळ होते आणि तीच मर्यादाही होती', या विधानाची खांदेरी आणि विजयदुर्ग या प्रसंगांच्या आधारे चर्चा करा.
(३) 'आज्ञापत्रा'तील वृक्षतोडीविषयीच्या सूचनेतून दिसणारी राज्यनीती विशद करा.
(४) टीप लिहा : व्हायकिंगांची लाँगशिप.

४.८ उपक्रम

तुमच्या परिसरातील नदीवर होडी चालवणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या किंवा पूर्वी काहिलीतून नदी ओलांडलेल्या वडीलधाऱ्या व्यक्तीची मुलाखत घ्या. होडीच्या भागांची त्यांच्या तोंडची नावे लिहून घ्या आणि त्यांतील कोणते शब्द या घटकात आले आहेत, याची यादी करा.